न फुटलेला रोडगा

मी घडवलेल्या मातीच्या भांड्यांवर जे काळे ढग उमटतात, त्यांच्यावर पुण्यातल्या एका विद्वान गृहस्थांनी एकदा भर सभेत भाषण केलं. त्यांच्या मते ते ढग म्हणजे माणसाच्या मनातली पोकळी होती आणि तिची मुळं जपानात होती. माझी थोरली बहीण, मंदाताई, पहिल्या रांगेत पदर सावरून बसली होती. यवतमाळ जिल्ह्यातून एसटीने आलेली, अंग आंबलेलं, डोळ्यांवर झोप. जपान हा शब्द पुन्हा कानावर पडल्यावर ती मला ऐकू जाईल एवढ्या, आणि दुर्दैवाने इतर सगळ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "जपान कायचं व शकू? हे त रोडग्याचे डाग हायेत." गृहस्थांना रोडगा ठाऊक नव्हता. त्यांनी तो शब्द टिपून घेतला आणि पुढे त्यांच्या लेखात तो एक आदिम विधी म्हणून अवतरला. विधी तो आहेच म्हणा. फक्त त्याला सोबत वांग्याची भाजी लागते.

तर रोडगा म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक घट्ट भिजवायची. तिची एक लहान गोळी करायची, तिच्यावर तेल लावून एक पारी गुंडाळायची, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. शेवटची पारी खालून चुण्या घेऊन बंद करायची. मुठीत मावेल न मावेल एवढा गोळा झाला की गोवऱ्यांच्या विस्तवात पुरायचा. वर राख लोटायची आणि वाट बघायची. तो बाहेर निघतो तेव्हा राखेने माखलेला असतो, कुठे काळा, कुठे तांबूस. फडक्याने पुसून पानात ठेवला की त्याच्यावर मूठ आपटायची. तो फुटतो, पदर मोकळे होतात, वाफ नाकात जाते, आणि त्या उघड्या पदरांवर तूप ओतायचं. त्यानंतरचं मी लिहीत नाही. डॉक्टरांनी मला तूप बंद केलं आहे आणि या वयात स्वतःला छळण्यात अर्थ नाही.

आमचं घर मारेगावच्या अलीकडे, काळ्या रानात. माझ्या लहानपणी त्या घराने एक मोठी करामत केली होती. जागचं तसूभरही न हलता ते तीन राज्यांत राहून आलं. आधी मध्य प्रदेश, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. बाबा म्हणत, "राज्य बदलून राह्यलं, पर धुऱ्यावरचं भांडन काही बदलत नाही." बाबांचं नाव किसनराव. शेजाऱ्याशी बांधाच्या धुऱ्यावरून त्यांचा वाद होता आणि तो त्यांनी लाडक्या बैलासारखा पोसला होता. एरवी माणूस इतका भित्रा, की घाबरला म्हणजे हॅ हॅ करून हसायचा. घरात पाल पडली तरी हॅ हॅ, तलाठी आला तरी हॅ हॅ. आम्ही बहिणी त्या हसण्यावरून संकटाचा आकार ओळखत असू.

लोक मला विचारतात, तुमच्या नक्ष्या कुठून येतात. मी फार प्रवास केला असेल असं त्यांना वाटतं. प्रवास मी केला, पण तो स्वयंपाकघर ते गोठा एवढाच, आणि बहुतेक वेळा पळत, कारण मागे आई असायची. तिला आम्ही माय म्हणत असू. माय गोवऱ्या थापायची तेव्हा प्रत्येक गोवरीवर तिची चार बोटं उमटायची, करंगळीचा ठसा किंचित तिरका, कारण ती करंगळी विळ्याने कापून वाकडी झालेली. भिंतीवर वाळत घातलेल्या गोवऱ्यांच्या रांगा बघून मायचा दिवस कसा गेला ते कळायचं. रागात असली की ठसे खोल. घरातली उतरंड होतीच, तळाशी मोठा डेरा आणि वर लहान होत गेलेली मडकी. सगळ्यात वरच्या गाडग्यात काय असेल या विचारात माझं निम्मं बालपण गेलं. त्यात चिंच होती. धान्य साठवायच्या ढोल्याचं तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं, विणकाम, त्यावर लिंपलेल्या शेणाला पडलेल्या बारीक भेगा, चैत्रात काळ्या रानाला पडणाऱ्या मोठ्या भेगा, सारवताना मायच्या हाताने काढलेले अर्धे गोल. हे सगळं मी पुढे वाडग्यांवर, सुरयांवर, ताटांवर उतरवलं आणि त्याबद्दल शाली घेतल्या. मायला कोणी शाल दिली नाही. दिली असती तरी तिने ती गोधडीत शिवून टाकली असती.

मला मात्र घरात एक पदवी होती, कुंभारीण. ही बाईमाणसातली कुंभारीण नव्हे. ती निळसर काळी माशी असते ना, चिखलाची गोळी तोंडात धरून येते आणि दाराच्या कोपऱ्यात, खुंटीवर, देवाच्या तसबिरीमागे मातीची घरटी चिकटवते, ती. मी तिच्यासारखीच कुठेही माती चिकटवून ठेवी. कुंभारवाड्यातून मळलेल्या मातीचा लोंदा मागून आणायची आणि त्यातून चिमण्या, बैल, जाती घडवायची. भाजायला भट्टी कुठली? चूल होती. पहिला गोळा मी मायच्या नकळत चुलीत सरकवला तेव्हा तो फुटला आणि त्याचा एक तुकडा तापत्या दुधात जाऊन पडला. बाबा हॅ हॅ करून हसले. माय हसली नाही. पुढे कुंभारवाड्यातल्या म्हाताऱ्याने मला समजावलं, "पोकय गोयाले नाक ठेव बाई. दम कोंडला त मानूस बी फुटते." तेव्हापासून मी पोकळ गोळ्याला बाभळीच्या काट्याने एक बारीक छिद्र पाडायला लागले. चुलीत मात्र मला बंदी झाली ती झालीच.

आता मंदाताईकडे वळते, कारण खरी गोष्ट तिची आहे. ताई उंच होती. आमच्या घरात कोणीच उंच नव्हतं, त्यामुळे ती कुणावर गेली यावर दोन आत्या भांडत असत. शिंक्यावरचं दही तिला टाचा न उचलता काढता यायचं, हा मला केवढा आधार होता. पण स्थळं येऊ लागली तसा तो आधार घराला जड झाला. एक मुलगा तिच्याशेजारी उभा राहिला आणि लगेच बसला. दुसऱ्याची आई जाताना म्हणाली, "आम्हाले सून पायजे, शिडी नाही." ताई त्या दिवशी रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने वाकून चालायला सुरुवात केली. पाण्याला जाताना, भाकर करताना, वाढताना, सदा मान खाली आणि खांदे आवळलेले. ते बघून मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी माती मळायची.

मग राजूरहून वसंताचं स्थळ आलं. कोळशाच्या खाणीत हजेरी मांडायचं काम करायचा. मुलगी पाहायला आला, चहा घेतला, काही विचारलं नाही. ताई मान खाली घालून, पाठीला पोक काढून बसलेली. उठून निघाला आणि आमच्या दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ असं आपटलं की वरून माती पडली.  तर त्याने कपाळ चोळत चौकटीकडे पाहिलं आणि अगदी अदबीनं म्हटलं, "माफ करा जी, तुमचं काही चुकलं नाही. मीच उंच हाओ." ताईने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. तो गेल्यावर ती चौकटीखाली उभी राहिली, सरळ, ताठ. डोकं चौकटीला लागतं का ते बघत होती. मी विचारलं, "काहून व ताई, आवडला?" तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. म्हणजे आवडला होता.

पण मुलाला-मुलीला आवडून काय उपयोग? ठरवणार होते त्याचे वडील, दौलतराव. वसंताची आई तो लहान असतानाच गेली होती. घरात बाईमाणूस नव्हतं. बापलेकांनी वर्षानुवर्षं हाताने रांधून खाल्लेलं. असा माणूस दुसऱ्याच्या घरी मिळेल ते गोड मानून खाईल असं वाटतं, पण दौलतरावांचं उलट झालं होतं. चांगल्या जेवणाची आस धरून जायचे आणि निराश होऊन परतायचे. एका घरी वरणात मीठ जास्त पडलं म्हणून ते पानावरून उठले आणि ती सोयरीक तिथेच मोडली, अशी वदंता होती. त्यांनी निरोप धाडला, "तुमच्या वावरात रोडगे खाऊ, मंग बोलू." बाबांनी तो निरोप ऐकला आणि ते इतका वेळ हॅ हॅ करत राहिले की मायने त्यांना पाणी आणून दिलं.

त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. माय ताईला रोडगे शिकवायला बसली. ताईला ते आधीच येत होते, पण मायला वाटायचं की आपल्याला येतात तसे कुणाला येतच नाहीत. शेवटची पारी ओढून घ्यायची, अंगठा आत ठेवून चुण्या पाडायच्या, फिरवत न्यायच्या आणि मधोमध एक बारीक पीळ द्यायचा. त्या पिळाशी सगळ्या चुण्या येऊन थांबायच्या. मी समोर बसून बघत होते आणि माझे हात शिवशिवत होते. त्याच दिवसांत तुरी वाळल्या होत्या. धुऱ्यावर वारा आला की सगळं वावर खुळखुळायचं, शेंगांमधले दाणे वाजायचे. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र कधी झाल्या सांगता येत नाही. मी मातीचा रोडगा करायला घेतला, आतून पोकळ आणि वाजणारा. मातीच्या बारीक गोळ्या केल्या, त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून कापसात गुंडाळल्या, कारण कापूस विस्तवात जळून जातो आणि गोळ्या सुट्या होतात. त्यांच्याभोवती जाड कवच चढवलं आणि खालून मायच्या चुण्या, तसाच पीळ. नाक ठेवलं. इतका हुबेहूब झाला की मी तो दळणाच्या पाटीत लपवला, तर ताईने तो उचलून कणकेच्या रोडग्यांत ठेवला होता. वेळीच काढून घेतला म्हणून बरं. तेव्हाच शहाणपण सुचायला हवं होतं, पण ते वय शहाणपणाचं नव्हतं.

रोडगे भाजायला नामाकाका हवेच होते. बाबांचे चुलतभाऊ, आणि आसपासच्या गावांत रोडग्यांचा शेवटचा शब्द. नामाकाकांना माणसांनी बोललेलं धड ऐकू येत नसे, पण रोडग्यांनी बोललेलं येई. विस्तवातून रोडगा काढायचे, काडीने त्याच्यावर टकटक करायचे, कानाशी धरून हलवायचे आणि निकाल द्यायचे. आवाज मंद आला तर कच्चा, परत विस्तवात. आवाज मोकळा आला आणि आत काहीतरी हललं, तर पदर सुटले, उत्तम भाजला. जो सगळ्यांत चांगला वाजेल तो मानाच्या पाहुण्याला. आमच्याकडे मानाचा रोडगा फुटल्याशिवाय पंगतीतलं कोणी आपल्या रोडग्याला हात लावत नसे. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून काय होतं म्हणा.

तो दिवस आला. आमच्या विहिरीजवळच्या मोहाच्या झाडाखाली जागा झाडून सडा घातला होता. माय आणि ताई वांग्याची भाजी, तुरीचं वरण आणि ठेचा करत होत्या. मला मायने सकाळीच बजावलं होतं, "आज तुया तोंडातून एक शबद निंगला नाही पायजे. नुसतं मीठ वाढजो." नामाकाकांनी गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, निखारे झाल्यावर रोडगे पुरले. एवढा थोरला, मंद, लालबुंद विस्तव माझ्या आयुष्यात पुन्हा कधी हाताशी येणार? मी एका कडेला माझा गोळा पुरला आणि खूण म्हणून त्याच्याशेजारी एक तुराटी खोचली. वाटलं, पंगत उठली की सावकाश उकरून काढू. कामात कामही आणि कुणाला त्रासही नाही.

बैलांची दमणी आली. दौलतराव उतरले. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, मिशा अशा की त्यांच्या आड तोंड आहे की नाही कळू नये. मागून वसंता उतरला. ताई झाडाआड गेली. जाताना माझा दंड धरून म्हणाली, "शकू, हे जुयलं नाही त मी लगनच करत नाही, सांगून ठेवतो."  तिचं बोट माझ्या दंडात रुतलं ते मला अजून आठवतं. तेवढ्यात मी विस्तवाकडे पाहिलं. तुराटी जागेवर नव्हती. नामाकाका त्या तुराटीने पाठ खाजवत होते.

पाहुणे पानांवर बसल्यावर कुठे मला विस्तवापाशी जाता आलं. मी राख उकरली. इकडे उकरली, तिकडे उकरली. विस्तवात एकही गोळा उरला नव्हता. सगळे फडक्याने पुसून टोपल्यात गेले होते आणि टोपलं पंगतीत फिरत होतं. मायकडे धावावं तर ती वाढण्यात, आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद. मग मी मिठाची वाटी उचलली आणि पंगतीच्या टोकापासून निघाले. प्रत्येकाच्या पानात चिमूटभर मीठ ठेवायचं आणि वाकून रोडगा निरखायचा. हा कणकेचा. हाही कणकेचा. एकाने विचारलं, "काय व पोट्टे, माया पानात काय पाहून राह्यली?" मी त्याला जास्तीचं मीठ वाढून पुढे सरकले. वसंताच्या पानाशी पोचले. कणकेचा. आणि शेजारच्या पानाकडे नजर गेली तेव्हा दौलतरावांनी मूठ उचललेली होती.

मूठ खाली आली. ठप्प असा आवाज झाला. रोडगा फुटला नाही. तो पळसाच्या पत्रावळीसकट खालच्या भुसभुशीत मातीत रुतला.  तुपाची कासंडी घेतलेले बाबा जागच्या जागी थांबले.

"जोरानं मारा, पाव्हने!" नामाकाका ओरडले. "आतून पदर सुटले हायेत. म्या ऐकलं कानानं."

दौलतरावांनी गुडघ्यावर उठून दुसरी मूठ मारली. पत्रावळ फाटली. वरणाचा ओघळ त्यांच्या धोतराकडे निघाला. रोडगा आणखी खोल गेला.

"किसनराव," दौलतराव म्हणाले, "हा रोडगा हाये का गोटा?"

"हॅ हॅ," बाबा म्हणाले. "अजी, या साली गहूच जरा कडक निंगला."

दौलतरावांनी तो मातीतून उपटून काढला आणि नामाकाकांसारखाच कानाशी धरून हलवला. खुळखुळ आवाज आला. त्यांनी परत हलवला. झाडाआड ताई उभी होती, हातात वरणाचा डाव, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. तो चेहरा बघितला आणि मायची ताकीद मी विसरले.

"तो माया हाये," मी म्हणाले.

"काय?"

"तो रोडगा नाही जी. खुळखुळा हाये, मातीचा. म्या भाजाले ठेवलता. खून म्हनून तुराटी खोचलती, पर काकानं पाठ खाजवाले नेली."

सगळी पंगत नामाकाकांकडे वळली. नामाकाकांनी हातातल्या तुराटीकडे पाहिलं आणि ती हळूच मांडीखाली सरकवली.  दौलतरावांनी उपरण्याच्या टोकाने गोळ्यावर राहिलेली राख पुसली. तांबूस मातीवर एक काळा ढग उमटला होता, विस्तवात जिथे गोवरी टेकली असेल तिथे. मी तो पहिल्यांदाच पाहत होते आणि त्या तसल्या वेळीही मला वाटलं, किती छान आलाय. दौलतरावांनी गोळा उलटा केला. खालच्या चुण्यांवरून अंगठा फिरवला. मग वसंताच्या पानातला रोडगा उचलला, तोही उलटा केला आणि दोन्ही शेजारी धरले.

"ह्या चुन्या कोनाच्या?" त्यांनी मातीच्या रोडग्याकडे बोट करून मला विचारलं.

"माया. मायच्या पाहून केल्या."

"अन् ह्या?"

"त्या ताईच्या. तिनं बी मायच्याच पाहून केल्या."

तोवर वसंताला हसू आवरेना. त्याने तोंडात उपरणं कोंबलं होतं आणि त्याचे खांदे गदगदत होते. दौलतरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्याचाच रोडगा आपल्या फाटक्या पत्रावळीवर ठेवला आणि एक मूठ मारली. तो फुटला. पदर असे उलगडले की पलीकडच्या माणसाच्या तोंडून "वा" निघालं. वाफ वर आली. बाबांनी हॅ हॅ करत तूप ओतलं, थोडं रोडग्यावर आणि बरंचसं पाहुण्यांच्या अंगठ्यावर. दौलतराव जेवायला लागले.  भाजी घेतली, वरण घेतलं, अजून एक रोडगा घेतला, अजून तूप. आम्ही सगळे त्यांच्या मिशांकडे बघत होतो, पण त्या मिशांवरून काही कळण्यासारखं नव्हतं. ताई झाडाआडून हलली नाही.

शेवटी त्यांनी हात धुतले, उपरणं पसरलं, माझा मातीचा गोळा त्याच्या टोकात ठेवला आणि गाठ मारायला लागले.

"अजी, राहू द्या ते!" बाबा कळवळून म्हणाले. "दुसरा देतो ना बांधून. फुटनारा!"

"फुटनारा कायले पायजे?" दौलतराव म्हणाले. "हाच पायजे. उद्या घरात नातू येईन, त्याले खेयाले नको काही?"

बाबांना कळलंच नाही. ते दुसरा रोडगा आणायला वळले. मायला कळलं. तिने पदराने तोंड झाकलं आणि तिचे डोळे भरून आले. झाडाआडून डाव वरणाच्या गंजात पडल्याचा आवाज आला. वसंता ताडकन उठून उभा राहिला आणि मोहाच्या खालच्या फांदीवर त्याचं डोकं धाडकन आपटलं. कपाळ धरून तो फांदीकडे वळला तेव्हा ताई झाडामागून मोठ्याने हसली. आमच्याकडे मुलीने सासऱ्यासमोर असं हसायची रीत नव्हती. दौलतराव मिशांतून म्हणाले, "हसू द्या जी. घरात लय दिवस झाले कोनी हसलं नाही."

मला शिक्षा झाली नाही. मायने संध्याकाळी चूल पेटवली, गोवऱ्यांचे निखारे एका कडेला सारले आणि मला म्हणाली, "आन काय हायेत तुये ते गोये." मी चार चिमण्या आणि एक बैल आणला. बैलाचं एक शिंग तडकलं. बाकी सगळं भाजून निघालं आणि प्रत्येकावर वेगळा ढग होता. तिथून पुढे मी किती भट्ट्या पाहिल्या, विजेच्या, गॅसच्या, बटण दाबलं की ऐकणाऱ्या. त्यांतून भांडी निघतात ती चेहऱ्यावर तीट न लावलेल्या मुलासारखी, नीटनेटकी. मी अजून कोपऱ्यात एक खड्डा खणून गोवऱ्या रचते. शेजारचे सोसायटीवाले धुराची तक्रार करतात. मी त्यांना एकदा रोडगे खाऊ घालते, मग वर्षभर तक्रार येत नाही.

तो खुळखुळा दौलतरावांनी घरी शिंक्यात ठेवला होता. ताईला मुलगा झाला तेव्हा त्यांनी तो स्वतः काढला, आणि बाळ झोपलेलं असतानाही ते तो वाजवत बसत. बाळाला दात आले तेव्हा त्याने चुण्यांकडची कड चावून चावून गुळगुळीत केली. पुढे त्याच्या मुलीने चावली. मोठा माणूस होता तो दौलतराव, आणि मी त्यांना हे कधी सांगितलं नाही, की माझी वस्तू कुणीतरी मागून नेल्याचा पहिला मान मला त्यांनीच दिला.

मागच्या हिवाळ्यात राजूरला गेले होते. वसंताभाऊजी आता नाहीत. ताईची पाठ वाकली आहे, या खेपेला खरोखरच, आणि ती दारातून आत येते तेव्हा चौकट तिच्या खूप वर राहते. आत येताना ती दर वेळी चौकटीकडे मान वर करून बघते. माझ्या मोठ्या प्रदर्शनाची तयारी चालली होती. मी म्हटलं, "ताई, तो खुळखुळा दे. माझ्या सगळ्या कामाची सुरुवात तिथून आहे. काचेच्या पेटीत ठेवू." ती उठली, फडताळातून तो काढला, कानाशी धरला आणि हलवला. मातीच्या गोळ्या वाजल्या. आता आवाज जरा बारीक झाला आहे.

"पदर सुटले हायेत अजून," ती म्हणाली. मग परत हलवला आणि ऐकत राहिली. मला वाटलं, आता देईल. तिने तो पदराने पुसला आणि फडताळात ठेवून दिला.

"नाही देत. हा माया हाये," ती म्हणाली. "तुले पायजे असन त दुसरा भाज. तुले कोनं मना केलं?"

त्या पंगतीपासून आजवर मी तेच करते आहे, हे मी तिला सांगितलं नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. तिने कणीक भिजवली, आणि चुण्या पाडायला माझ्यापुढे सरकवली.